बाईसाहेबांची लीद

बाईसाहेबांनी कालपासून लीद टाकली नव्हती, आणि त्यापायी विद्यापीठाच्या अश्वरुग्णालयात कोणाच्याच घशाखाली घास उतरत नव्हता.

बाईसाहेब म्हणजे घोडी. वयानं म्हातारी, स्वभावानं मानी. पोटात दुखतं म्हणून आणली, नाकातून नळी घालून तेल पाजलं आणि पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला तिच्या ठाणासमोर स्टुलावर बसवलं. काम एकच, शेपटीवरची नजर हलवायची नाही. चार वाजेपर्यंत लीद पडली तर आतडं मोकळं झालं. नाही पडली तर पोट उघडायचं. आणि या वयात भूल दिलेली घोडी पुन्हा उभी राहीलच, असं सांगायला कोणी धजत नव्हतं.

मुलीची प्रात्यक्षिक परीक्षाही हीच. बाहेरचे परीक्षक याच रुग्णावर तिला प्रश्न विचारणार होते. ती उठायची, घोडीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावायची, बसायची, पुन्हा उठायची. एवढी चुळबुळ घोडीच्या आतड्यांनी केली असती, तर सगळे केव्हाच घरी गेले असते.

तेवढ्यात आईचा फोन आला. आत आवाज नको म्हणून ती दाराबाहेर गेली.

“अगं, शेजारच्या काकूंचा गुडघा सुजलाय. काय लावू?”

“आई, मी घोड्यांची डॉक्टर होतेय!”

“गुडघा तो गुडघा. शिकलीस ना एवढी? सांग मग.”

“बर्फ लाव. आणि त्यांना दौडवू नकोस.”

“जिना उतरवत नाही तिला, दौडतेय कसली! तू जेवलीस का?”

जेवले, झोपले, सगळं सांगून ती आत आली, तर ठाण आरशासारखं लख्ख. सफाईवाले काका ढकलगाडी घेऊन पलीकडच्या दारातून निघाले होते. परीक्षक येणार म्हणून आज सकाळपासून त्यांच्या हातातलं फावडं सुटलं नव्हतं.

“काका! या ठाणात लीद होती?”

“असेल की.”

“असेल म्हणजे? होती की नव्हती?”

“पोरी, मी सगळी ठाणं झाडली. गवत, लीद, सगळं एकत्र उचललं. लिदीवर काय नाव घातलेलं असतं?”

मुलीला एकदम आठवलं, तेल! तेल पाजलेल्या घोडीची लीद तेलकट असणार. तिनं हातमोजे चढवले आणि ढकलगाडीत कोपरापर्यंत हात घातला. काका “अगं, अगं” करत राहिले. तळाशी खरंच मिळाली. चकचकीत, तुळतुळीत. आजवर कुठल्या पदकासाठी ती एवढी हरखली नसेल. ओंजळीत घेऊन ती धावतच सरांकडे गेली. ते शस्त्रक्रियेसाठी हात धूत होते.

“सर, पडली!”

“वा. कुणाची?”

“बाईसाहेबांची.”

“शेजारच्या ठाणातल्या घोड्यालाही काल तेलच दिलंय. तूच दिलंस.”

ओंजळ हळूहळू खाली आली.

“पण तू तर समोरच बसली होतीस,” सर म्हणाले. “पडताना पाहिलीस ना?”

‘हो’ म्हणायला एक अक्षर पुरतं. ते तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलंही. पण आतडं अजून अडकलेलं असेल आणि तिच्या शब्दावर शस्त्रक्रिया थांबली, तर बाईसाहेबांचं काय?

“नाही, सर. मी बाहेर होते. आईशी गुडघ्यावर बोलत होते.”

सरांनी नळ बंद केला. “तुझं काय करायचं ते मागाहून बघू. आधी तिचं बघू.”

ठाणात घोडीच्या मालकीणबाई तिची मान कुरवाळत उभ्या होत्या. घोडेस्वारीची शाळा चालवायच्या, त्यामुळे हुकूम सोडायची सवय. सर, मुलगी आणि काका, तिघांनी शेपटीवर डोळे रोखले. शेपटी ढिम्म.

“असं टक लावून बघाल, तर ती जन्मात टाकणार नाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “लाजरी आहे. भिंतीकडे तोंडं करा.”

“बाई, मी शल्यचिकित्सेचा प्राध्यापक आहे.”

“म्हणूनच म्हणतेय. तुम्हाला बघून माझंसुद्धा पोट आवळतंय.”

चौघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात बाहेरचे परीक्षक आत आले. त्यांनी चार पाठी पाहिल्या.

“कसली शिक्षा चाललीय?”

“शिक्षा नाही, सर,” मुलगी भिंतीला म्हणाली. “उपचार.”

परीक्षक जुने जाणते होते. त्यांनी घोडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि मुलीशेजारी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“घोड्याला उलटी का होत नाही?” त्यांनी हळूच विचारलं.

“अन्ननलिका पोटाला मिळते तिथला स्नायू फार घट्ट असतो. आत गेलेलं वरून परत येत नाही.”

“मग जायचं कुठून?”

“त्याचीच वाट बघतोय, सर.”

चारचे ठोके पडले. सरांनी सुस्कारा सोडला. “चला. भुलीची तयारी करा.” मालकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मुलीनं डोळे गच्च मिटून घेतले.

थप.

कोणी हललं नाही. कोणी श्वासही घेतला नाही.

थप. थप. थप.

“पडली?” परीक्षकांनी कुजबुजत विचारलं.

“पडली, सर.”

“पाहिलीस?”

“नाही, सर. नुसती ऐकली.”

“या वेळी कुणाची ते तरी नक्की आहे ना?” सर म्हणाले.

“मग काय आपल्यातल्या कुणी टाकली?” मालकीणबाई हसता हसता रडत म्हणाल्या.

परीक्षकांनी बॅग उचलली.

“पास,” ते म्हणाले.

“कोण?” काकांनी विचारलं.

“दोघी.”