प्रार्थना, व्हाया मूर्तिजापूर

याकोब तायडे देवाला पत्ता सांगत. नुसता पत्ता सांगून त्यांचं भागत नसे. कोणत्या रस्त्यानं जायचं, कुठे वळायचं आणि कुठे खोदकाम चालू आहे, हेही सांगत.

त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत. ती बांधणाऱ्यानं विटांची बरीच बचत केली असावी, कारण रोज उजाडायच्या आत याकोबभाऊंची प्रार्थना आमच्या बैठकीत स्पष्ट ऐकू येई. सुरुवात भारदस्त असायची. "हे सर्वसमर्थ परमेश्वरा, स्वर्गीय बापा, तुझ्या कृपासनासमोर आम्ही नम्र होऊन येत आहोत." ही छापील मराठी दोन-तीन वाक्यं टिकायची. मग गाडी वऱ्हाडीवर यायची.

"माही बहीण सुनंदा अंजनगाव-सुर्जीले हाय, तुले माहीत हाय. तिची कंबर धरली. अकोटावरून जायजो बापा, दर्यापूरकडून रस्ता खोदून ठेवला हाय. सुर्जीत शिरलं की बाजाराच्या मागं, निळं दार."

मी एकदा विचारलं, "याकोबभाऊ, देवाला रस्ता माहीत नसतो का?"

"ड्रायव्हरले बी माहीत असते, प्रोफेसर. तरी कंट्रोलरनं सांगा लागते. आपण सांगितलं की पुढची जबाबदारी त्याची."

नोकरीभर ते अकोल्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. लोक त्यांना कंट्रोलरच म्हणत. भोंग्यातून गाड्या पुकारून पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता की ते साधं "चहा घ्या" म्हणाले तरी माणूस फलाट शोधू लागे. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या सेवेवर बरंच भाषण केलं. नाव मात्र जेकब तायवाडे असं घेतलं. याकोबभाऊंनी शाल घेतली आणि घरी येऊन ती इस्त्रीच्या टेबलावर अंथरली. तिथे ती खरोखर उपयोगी पडली.

"आधी वर हजेरी, मग खाली ड्यूटी," हे त्यांचं पालुपद. सकाळी प्रार्थनेआधी पाण्याचा घोट नाही. संध्याकाळी प्रार्थनेआधी ताटाला हात नाही. आणि प्रार्थना चालू असताना जो कोणी दारात येईल, तो तिच्यात धरला जाई. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन मान खाली घालून उभा राहिलेला मी पाहिला आहे. एकदा निवडणुकीचा एक उमेदवार हार, ढोल आणि पन्नासेक माणसं घेऊन आला. याकोबभाऊंनी डोळे न उघडता हात वर केला. ढोल थांबला. मग त्यांनी त्याला प्रार्थनेतच घेतलं. "प्रभू, याले निवडून दे नाहीतं पाड, तुयी मर्जी. पण याच्या मागं जे पोट्टे उभे हायत, त्यायले कामधंदा दे. भरदिवसा रिकामे फिरून राहिले." उमेदवार पडला. पोरांचं काय झालं ते माहीत नाही.

त्यांच्या चर्चमध्ये नवे कर्णे आले, तेव्हापासून पाळकसाहेबांच्या प्रार्थना लांबल्या. कशी होती आजची उपासना, असं विचारलं की याकोबभाऊ म्हणत, "जादा गाडी. रिकामीच फिरवली."

मी इतिहास शिकवत असे आणि देव मानत नसे, आणि दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच निरुपद्रवी वाटत. मला बदलायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. फक्त रोज माझी नोंद व्हायची. "भिंतीपल्याड प्रोफेसर हाय. तुले मानत नाही. तरी त्याचा दमा पाह्यजो." बायको मला हलवून म्हणायची, "उठा, तुमचं झालं."

सर्वांत शेवटी आशिष यायचा.

आशिष त्यांचा एकुलता एक मुलगा. अमरावतीहून सुटणाऱ्या एका खाजगी ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर होता. आई वारल्यावर तो पिऊ लागला. आधीही थोडी घेत असेल. पण नंतर लपवायला घरात कोणी उरलं नाही. एका संध्याकाळी तो रात्रभराच्या ड्यूटीवरून आणि दिवसभराच्या खोळंब्यावरून थेट अकोल्याला आला. पोटात काही नव्हतं, किंवा जे होतं ते जेवण नव्हतं. याकोबभाऊंनी पिठलं केलं, भाकरी केल्या, दोन ताटं वाढली आणि डोळे मिटले.

त्या दिवशीची प्रार्थना लांबली. सुनंदा झाली, मी झालो, आणि मग आशिष. तो समोर बसलेला असताना त्यांनी त्याचं पिणं देवाला सांगायला घेतलं. कुठल्या गुत्त्यात, कोणाबरोबर, मालकानं काय ताकीद दिली, सगळं सांगितलं. भाकरी निवत होती.

"बाबा," आशिषचा आवाज भिंतीतून आला, "मले सांगायचं तं मले सांगा नं. मी अठी समोर बसून हावो. त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून कायले मारून राहिले?"

याकोबभाऊ थांबले नाहीत. मध्येच डोळे उघडणं त्यांच्या नियमात नव्हतं. ताट सरकल्याचा आवाज आला, मग फाटकाचा. त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं, आमेन म्हटलं आणि मग डोळे उघडले. तोवर आशिष रिक्षात बसला होता.

त्यानंतर तो त्या घरी जेवला नाही.

मात्र प्रार्थनेत तो रोज येत राहिला, चालू पत्त्यासकट. बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीमागे, जिना बाहेरून. मग खोली बदलली की पत्ता बदले. हा पत्ता याकोबभाऊ कुठून मिळवत, ते कळायला मला वेळ लागला. अमरावतीच्या फेरीवरचे जुने ड्रायव्हर त्यांना सांगत. त्यासाठी याकोबभाऊ सायकल घेऊन स्थानकावर जात, चौकशीच्या खिडकीपाशी उभे राहत आणि स्वतःच चौकशी करत.

"मूर्तिजापुरावरून सरळ जायजो," ते देवाला सांगत. "बडनेऱ्याले पुलाखालून घेजो. आता तो पंक्चरवाल्याच्या दुकानावर राहते. खोकला हाय म्हणे. घरी आण."

"तुम्ही स्वतः का जात नाही?" मी विचारलं. "अमरावती काही फार लांब नाही."

"मी गेलो तं तो अजून एक खोली पाहीन. म्हणून त्याले धाडतो. त्याच्या तोंडावर दार लावता येत नाही."

माझ्या मते ही पळवाट होती. पण चांगली बांधलेली होती.

प्रार्थनेच्या वेळी त्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर असे. मार्चमधल्या एका सकाळी तो वाजू लागला. मी जागा होतो. पलीकडे सुनंदा झाली होती, माझा दमा झाला होता आणि याकोबभाऊ मूर्तिजापूर ओलांडून पुढे निघाले होते. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. त्यांनी आवाज चढवला, स्थानकात दोन गाड्या एकदम लागल्या की चढवत तसा. "घरी आण बापा, जसा असंन तसा आण." फोन थांबला. आमेन झालं.

मग त्यांनी फोन उचलून परत लावला. थोड्या वेळानं ते आमच्या दारात उभे राहिले. पायात चप्पल नव्हती.

"पंक्चरवाल्याचा होता," ते म्हणाले. "आशिषले रक्ताची उलटी झाली. सरकारी दवाखान्यात नेलं. मघा शुद्धीवर होता. बाबाशी बोलाचं म्हणत होता."

"आणि आता?"

"आता बोलून नाही राहिला."

मी गाडी काढली. ते शेजारी बसले आणि मला रस्ता सांगू लागले. या रस्त्यानं मी आयुष्य काढलं आहे, पण मी ऐकून घेतलं. इथून पुढं गतिरोधक हाय. ट्रकच्या मागं राहू नका. मूर्तिजापूर आलं. मूर्तिजापूरच्या पुढे फोन आला. त्यांनी तो कानाला लावला, "हो" म्हटलं आणि खिशात ठेवला. त्यानंतर त्यांनी रस्ता सांगितला नाही.

डॉक्टर तरुण होता आणि थकलेला होता. काकांनी फोन उचलला असता तरी काही फरक पडला नसता, यकृत आधीच संपलं होतं, असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला. डॉक्टर असं म्हणतात. बापाला तो फरक कोणत्या यंत्रावर मोजून दाखवायचा, हे त्यांना शिकवत नाहीत.

दफन अकोल्यात झालं. आशिष घरी आला, जसा होता तसा.

दफनाच्या आदल्या दिवशी याकोबभाऊंनी पाळकसाहेबांना फोनची गोष्ट सांगितली होती. माणूस आपल्या छातीवरचा दगड कुणाला तरी दाखवतो, तशी सांगितली होती. पाळकसाहेबांना त्यात उपदेश दिसला. कबरीपाशी, कर्ण्यावरून, त्यांनी तो केला. "बंधुभगिनींनो, आज आपण सकाळी उठून आधी मोबाईल पाहतो. पण हे तायडेकाका! फोन वाजतो आहे, पुन्हा वाजतो आहे, आणि हा प्रार्थनावीर गुडघ्यांवरून हलत नाही! आपल्या आयुष्यात पहिलं स्थान कोणाचं, याची ही जिवंत साक्ष आहे." चर्चच्या पंचांपैकी कोणीतरी मोठ्यानं "हालेलुया" म्हटलं. याकोबभाऊ खड्ड्याकडे पाहत होते. मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत आणि त्यातली बरीच निर्लज्ज होती. हे भाषण मनापासून केलेलं होतं, म्हणून त्याचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भिंतीपलीकडे आवाज सुरू झाला. मला वाटलं होतं, आता हा माणूस देवाशी अबोला धरेल. तसं झालं नाही. कृपासन, सुनंदा, अकोटचा रस्ता, माझा दमा, सगळं क्रमानं आलं. मग ते म्हणाले, "आता अमरावती," आणि गप्प झाले. त्या गप्पपणात आमच्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. आमेन आलंच नाही. बऱ्याच वेळानं पाण्याचा नळ सुटला.

रोज तसंच होऊ लागलं. रोज ते अमरावतीपर्यंत येत आणि तिथे अडकत. त्यांचं वजन उतरलं. बायको डबा पाठवी, तो अर्धा परत येई. माझ्या ओळखीचा एक मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्याचं नाव मी काढलं. ते म्हणाले, "त्याले कुठी त्रास देता."

मग एका सकाळी, त्या गप्पपणानंतर, नळाऐवजी आमच्या दाराची कडी वाजली.

"प्रोफेसर, तुमी देव मानत नाही. पक्कं नं?"

"पक्कं."

"बदलणार तं नाही?"

"या वयात कुठे बदलू?"

"मंग तुमीच लागता." ते उंबऱ्यावरच उभे होते. "आमच्यात मेलेल्यासाठी देवाजवळ मागत नाहीत. जित्तेपणी मागा लागते, जितकं मागायचं तितकं. गेला की संपलं, तो त्याच्या हातात. मागच्या गल्लीतल्या मेरीबाई क्याथलिक हायत, त्यायच्यात मागतात. नवरा वारला तवा म्हणे, तायडेसाहेब, त्यायच्या आत्म्यासाठी दोन शब्द मागा. मी काय म्हटलं मालूम हाय? म्हटलं, बाई, गाडी सुटली की पुकारा बंद. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. रडत गेल्या बिचाऱ्या."

मी दार पूर्ण उघडलं. ते आत आले नाहीत.

"मले मनाई हाय," ते म्हणाले. "उभ्या जन्मात नियम मोडला नाही, अन् त्याच्यासाठी मोडला तं तो बी हासंन, म्हणंन बाबा, आता सुचलं काय. पण तुमी कोण्या चर्चच्या मंडळीत नाही. तुमच्यावर कोणाचा नियम चालत नाही. तुमी त्याचं नाव घ्या."

"मी? याकोबभाऊ, मी कोणासमोर घेऊ? माझ्या हिशेबी तिथे कोणीच नाही."

"ते तुमी नका पाहू. मोठ्यानं घ्या. मी आयकणार नाही, मी अंदर स्वयंपाकघरात जातो. मी आयकलं तं ते माह्यावर येईन."

मी बायकोकडे पाहिलं. ती चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, जा ना."

त्यांच्या बैठकीत जमिनीवर एक घडी केलेली गोधडी होती, मध्ये दोन खळगे पडलेली. मला गुडघ्यांवर बसता येईना, म्हणून मी खुर्ची घेतली. याकोबभाऊ आत गेले, दार ओढून घेतलं आणि भांडी घासू लागले. आपल्याला काही ऐकू येत नाही, हे त्यांना वरपर्यंत कळवायचं असावं, इतक्या जोरात.

"आशिष याकोब तायडे," मी म्हटलं. वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटलं. मागण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. त्याला शांती दे, वगैरे म्हणवेना. ती वाक्यं मी कबरीपाशी ऐकली होती. मग मला जे माहीत होतं तेच सांगू लागलो. माझी स्कूटर बंद पडली की हा कुंपणावरून उडी मारून यायचा, प्लग साफ करायचा आणि काळे हात केसांना पुसायचा. आमच्या झाडाचे पेरू चोरायचा आणि मग त्यातलेच चार माझ्या बायकोला भेट म्हणून आणून द्यायचा. गल्लीतल्या पोरांना ओट्यावर बसवून बापाची नक्कल करायचा, नाक दाबून, भोंग्यातल्यासारखी, आणि ती इतकी हुबेहूब असायची की एकदा आमच्याकडे आलेला पाहुणा पिशवी उचलून उभा राहिला होता.

आत भांडी थांबली होती.

मीही थांबलो. माझं संपलं होतं, आणि आमेन म्हणायचा अधिकार मला आहे की नाही ते ठाऊक नव्हतं. दार बंदच होतं. त्याच्या अगदी पलीकडून, दाराच्या फळीला तोंड लावून बोलावं इतक्या जवळून, आवाज आला. भोंग्याचा नव्हे, साधा, म्हाताऱ्या माणसाचा.

"थांबले काहून, प्रोफेसर? बोला नं अजून."