दोन फडक्यांतले तुकडे

गायकवाड सरांकडे तुटलेली वस्तू न्यायची तर तिचे दोन तुकडे दोन वेगळ्या फडक्यांत बांधून न्यायचे. आमच्या अलिबागच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला नव्हतं. आईच्या कुकरचं हँडल तुटलं तेव्हा मी दोन्ही तुकडे एकमेकांत नीट बसवून त्यांच्यापुढे धरले.

"जोडून बघितलंस?" सर ओरडले. "अरे, कसं तुटलं ते सगळं त्या तुटलेल्या तोंडावर लिहिलेलं असतं. घासून पुसून टाकलंस!"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. धातू का तुटतो यावर त्यांची पीएच.डी. आहे, आणि नोकरी अकरा वर्षं कंत्राटी. दर उन्हाळ्यात कॉलेज त्यांना काढतं, दर पावसाळ्यात परत घेतं. मी पत्रकं काढणारा माणूस. माझ्या मते ही उघड पिळवणूक आहे आणि ती मोठ्या टायपात छापली पाहिजे. सर म्हणतात, "छाप. पण आधी त्या पंख्याखालून बाजूला हो. हूक झिजलाय."

कायम जागेच्या मुलाखतीत त्यांना विचारलं, तुमचं संशोधन काय? सरांनी वाकून अध्यक्षांच्या खुर्चीचं वेल्डिंग बघितलं आणि म्हणाले, "आधी आपण उठा." महिन्याभरात खुर्ची मोडली. सरांना तुकडे मिळाले, नोकरी नाही.

गेल्या वर्षी कोळीवाड्यातल्या जनीकाकू आल्या. त्यांचा रमण एका बोटीवर इंजिन सांभाळायचा. भर समुद्रात पंखा फिरवणारा शाफ्ट मोडला होता. मोडलेली दोन टोकं मिस्त्रीनं कापून दिली होती.

"मालक म्हनतो, रमणनं इंजिन बेफाम पळवला. उतरवलाय माज्या पोराला. आता दुसरा कोन बोटीवर घेत न्हाय."

"जोडून बघितलंत?"

"न्हाय ओ सर! तुमच्या भयानं एक पाटी माज्या डोक्यावर, एक सुनेच्या."

सर खूश झाले. भिंग लावून बघत बसले, मग मला बोलावलं. तुटलेल्या तोंडावर बारीक रेघा होत्या, एकीमागे एक, ओहोटीचं पाणी वाळूवर सोडतं तशा.

"रोज थोडी थोडी फट वाढलीय. कित्येक महिने. त्या दिवशी फक्त हा एवढासा शेवटचा भाग गेला. ज्याच्या हातात तुटलं, त्याचा दोष नाही."

मी लगेच पत्रक लिहिलं. मथळा, 'मालकाची मुजोरी'. सरांनी तो लाल पेनानं खोडला.

"भिंगातून मुजोरी दिसली नाही. रेघा दिसल्या."

आणि स्वतःच दोन फडकी आणि भिंग घेऊन जेट्टीवर गेले. मालकानं एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं. बराच वेळ कुरकुरला. शेवटी म्हणाला, "येऊ दे त्याला उद्यापासून."

घरी आल्यावर सर ती दोन गाठोडी फळीवर ठेवत होते. तिथं सगळी गाठोडी जोडीजोडीनं होती. कोपऱ्यात एकच एकटं होतं.

"हे एकाच फडक्यात कसं, सर?"

त्यांनी ते सोडलं. आत लोखंडी पिनेचे दोन तुकडे होते.

"आबा, माझे वडील, क्रेन चालवायचे. ही पिन तुटली, माल पडला. बेफाम चालवली म्हणून काढलं त्यांना. मग रोज संध्याकाळी माणगावच्या घरी अंगणात हे घेऊन बसायचे. असं बसत होतं, असं फिरत होतं, मी कुठं चुकलो, म्हणून जोडून जोडून बघायचे. वर्षानुवर्षं."

"मग तुमच्या भिंगाखाली काय दिसलं?"

"काही नाही रे. गुळगुळीत."

सरांनी दोन्ही तुकडे एकमेकांत बसवले, जरा वेळ मुठीत धरून ठेवले, आणि मग माझ्यासाठी चहा टाकायला उठले.