दहाव्या तावावरचा आड

"प्यायच्या घागरीत ब्रश बुचकळला ह्या माणसानं! अख्ख्या गल्लीनं येऊन बघा!"

महानंदाकाकू ओरडत होत्या आणि गल्ली केव्हाच येऊन उभी होती. टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा, आणि तीन दिवसांची ती घागर काळीकुट्ट झाली होती. काकूंचे यजमान, आमचे शेजारी भद्राप्पा पेंटर, तिथंच मांडी घालून बसले होते. म्हणाले, "बिघडलं काय त्यात? चीनमध्ये असंच असतंय."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाऊस तेवढा नव्या जिल्ह्यात हजर व्हायचा राहिला होता. औश्यापासून उदगीरपर्यंत पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' लिहिलं ते भद्राप्पांनी. "सरकारनं नुसता हुकूम काढला," ते सांगायचे, "जिल्हा मी रंगवला."

असल्या माणसाला कलकत्त्याहून परतलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं चिनी शाईची वडी, तांदळाच्या कागदाचे दहा ताव आणि एक चित्रकलेचं चिनी पुस्तक आणून दिलं होतं. त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण अप्पा पानं उलटताना पटल्यासारखी मान डोलवायचे.

घागरीपाठोपाठ काकूही गेल्या. लेकीकडं, हदगावला. पिशवी उचलताना त्यांनी परसातल्या कोरड्या आडाकडं बोट केलं. "त्याला पाणी लागल्याबिगर मी ह्या घरात पाय ठेवत न्हाई."

"बरंच झालं," अप्पा मला म्हणाले. "आता निवांत काढायलोय बघ."

निवांत कसले? चहा दोन कप टाकायचे, दुसरा मला प्यायला लावायचे आणि साखर कमी पडली म्हणून हदगावच्या दिशेनं तोंड करून रागवायचे.

तो कागद तर आमच्या गल्लीपेक्षा तहानलेला. थेंब टेकवला की पसरलाच. देवणी बैलाचं वशिंड काढायला घेतलं, ते कागद ओलांडून चटईवर गेलं, चटईवरून उंबऱ्यावर. बैल दारात असा आडवा पसरला की मला दोन दिवस खिडकीतून आत जावं लागलं. असे नऊ ताव गेले.

दहावा काढला त्या दिवशी अप्पांनी स्वतःच्या वाट्याचा तांब्या शाईला दिला आणि दिवसभर कोरड्या घशानं बसले. आड काढला. त्याचा रहाट, फुटका कठडा, काकू धुणं आपटायच्या तो दगड. मधोमध मात्र कागद कोराच.

"अप्पा, पाणी राहिलं की."

"तेच पाणी. चीनमध्ये पाणी काढत न्हाईत, जागा सोडत्यात."

"काकूंना कळंल का पण?"

ह्या वेळी चीन मदतीला आला नाही. अप्पा ब्रश पुसत राहिले. "तिला न्हाई कळलं तर दुसऱ्या कुणाला दाखवायचंय?"

मग नळाचा, वर्षभर पाण्याचं तोंड न पाहिलेला, पाइप कापला, चित्र गुंडाळून त्यात सरकवलं आणि मला हदगावला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं पिटाळलं.

आठवड्यानं कार्ड आलं. चष्मा सापडत नाही म्हणून अप्पांनी ते मला वाचायला दिलं. चष्मा नाकावरच होता.

"चित्र पोचलं," काकूंनी लिहिलं होतं. "आडात पाणी दिसलं नाही. सोमवारच्या गाडीनं येते. घागर घासून ठेवा."