केर काढणारा पाहुणा

मैत्री कशी जपावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ रहिमतपूरला यावं आणि मला विचारावं! मी शिरवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे माणसं सख्ख्या बहिणीच्या लग्नाला रजा मागतानाही चाचरतात. मी मात्र मित्रासाठी सबंध आठवडा रजा काढली!

साहेबांनी विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही सर, मित्र येणार आहे."

साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच आजारी आहे.

मित्र म्हणजे इंद्रजित. विट्याजवळचा. साताऱ्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो आणि एकाच विषयात नापास झालो. पुढं तो त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे गलाईत शिरला. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देण्याचा धंदा. तमिळनाडूत, सेलमला त्याचं दुकान आहे. गावी यायचा तो यात्रेपुरता, यात्रा झाली की लगेच पळायचा. या खेपेला मात्र फोनवर म्हणाला, "गड्या, आठवडाभर तुझ्यातच ऱ्हातो."

मी लगेच बेत आखला. अजिंक्यतारा, सज्जनगड, कास, आणि दुपारी झाडाखाली नुसत्या गप्पा. फक्त आम्ही दोघं. बायको नाही, आई नाही, शेजारी तर नाहीच नाही!

पहिल्याच सकाळी मी डोळे चोळत बाहेर आलो, तर इंद्रजित वाकून सोप्यातला केर काढत होता! आणि माझी बायको रेश्मा चहाचा कप घेऊन, चक्क बसून, ते बघत होती.

"अरे, हे काय करतोस?"

"सवय रं! दुकानातला केर आमी दुसऱ्या कुणाला काढू देत न्हाई. सोन्याचं बारीक कण असत्यात त्यात. समदा डब्यात साठवायचा आन् मग त्यातनं सोनं काढायचं."

"पण आमच्यात कुठलं आलंय सोनं?"

"नसंना का! हात ऐकत न्हाईत." त्यानं कोपऱ्याकोपऱ्यातला केर हलक्या हातानं सुपलीत घेतला आणि टाकवेना म्हणून एका रिकाम्या डब्यात भरून ठेवला.

रेश्मा म्हणाली, "बघा! शिका कायतरी! लग्न झाल्यापासनं तुमी केरसुणीला हात तरी लावलाय का?"

हा मला बसलेला पहिला टोला. दुसरा न्याहारीला बसला. आईनं इंद्रजितच्या भाकरीवर लोण्याचा हा एवढा गोळा ठेवला आणि बोटाला जे राहिलं ते माझ्या भाकरीला पुसलं! खाऊन झाल्यावर त्यानं आईची काळवंडलेली बोरमाळ रिठ्याच्या पाण्यात अशी काही उजळून दिली, की आई ती घालून गल्लीत एक चक्कर मारून आली. झालं! दुपारपर्यंत आमच्या सोप्यात बायकांची ही गर्दी! कुणाची नथ, कुणाच्या बुगड्या. सज्जनगड तिथल्या तिथं राहिला.

संध्याकाळी शेजारचा आकाराम आला. हा फौजेतून निवृत्त झालेला, आवाज अजून सीमेवरचाच. इंद्रजितच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल जिगरी, ऊस दावतो तुला आमचा!"

जिगरी! माझा जिगरी, आणि ह्याचा कधी झाला? आणि आमचा हा लेकाचा निघालासुद्धा! मला "येतोस का" असं विचारलं, पण ते चप्पल घालून झाल्यावर.

मी जळत होतो. खोटं कशाला बोलू? माझ्यावर तवा ठेवला असता तर भाकरी भाजली असती. त्या जळफळाटातच मला एक युक्ती सुचली. गल्लीतल्या बायका एकदा घाबरल्या, की इंद्रजित मोकळा! मी पलीकडच्या चंद्राबाई काकींना गाठलं आणि हळूच म्हणालो, "काकी, दागिने जपा बरं का. गलाईवाला माणूस उगाच केर काढतो होय? सोन्याचे कण पडतात!"

"कशातनं रं पडत्यात?" काकींनी डोळे बारीक केले.

'तुमच्या दागिन्यांतनं' असं म्हणायचं होतं मला. पण म्हणजे जिवाभावाच्या मित्राला चोरच ठरवायचं! जीभ रेटेना. मी आपलं मोघम म्हणालो, "पडतात बुवा. तो बसतो तिथं पडतात."

काकी विचारात पडल्या. मला वाटलं, बाण लागला. लागला, पण मलाच! काकींनी हिशेब वेगळाच घातला. हा माणूस इतकी वर्षं सोन्याच्या धुरळ्यात बसलेला. म्हणजे ह्याच्या केसांत सोनं, कानांत सोनं, शर्टाच्या शिवणीत सोनं. हा जिथं बसेल तिथं सोनं सांडणार!

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काकी दारात. "इंदर, बाळा, चा घ्याला आमच्यात ये!" मी पाठोपाठ गेलो. कॉटवर कोरी पांढरी चादर! इंद्रजितला तिच्यावर बसवलं, जागच्या जागी जरा हलायला लावलं, आणि तो उठताच चादर चारी टोकांनी गोळा करून आत नेली. मला बसायला पाट होता.

मग काय विचारता! काकींचा हिशेब गल्लीभर झाला. एकीनं त्याचा शर्ट धुवायला नेला आणि पाणी धोतरातनं गाळलं. न्हाव्यानं फुकटात केस कापले आणि कापलेले केस कागदात बांधून ठेवले. आकाराम तर जेवायला बसवून म्हणाला, "जिगरी, डोकं जरा खाजीव की! लाजतोस कशाला, आपलंच घर हाय!" इंद्रजितला यातलं काही ठाऊक नाही. तो आपला डोकं खाजवतोय, हसतोय, आग्रहानं वाढलेलं खातोय. न्याहारी एकीकडे, जेवण दुसरीकडे, चहा तर दारोदार.

आणि मी? मी घरी! रजा काढून! एक दिवस रागारागानं एकटाच कासला जाऊन आलो. फुलांचा हंगाम नव्हता. फुलं नाहीत, मित्र नाही, येताना सर्दी तेवढी घेऊन आलो. रेश्मा म्हणाली, "आवं, तोंड जरा बरं ठेवा. घरात पावणा हाय."

"पाहुणा आहे कुठं घरात?" मी ओरडलो. "मला पण दाखव!"

निघायच्या दिवशी माझा बांध फुटला. आकाराम "जिगरी" म्हणत आत आला आणि मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो.

"आज कुठं जायचं नाही! इंद्रजित, मी आठवडाभर रजा कुणासाठी काढली? तुझ्यासाठी का ह्या आकारामसाठी?"

इंद्रजितनं मुकाट्यानं पिशवी उचलली आणि माझ्या गाडीवर मागं बसला.

अजिंक्यताऱ्यावर पोचलो. खाली सगळा सातारा पसरलेला. अखेर आम्ही दोघं! इंद्रजित म्हणाला, "शंभू, तुला एक सांगू? सेलममधी पंधरा वर्सं झाली. लोखंडी जाळीमागं बसायचं, जाळीतनंच घ्याचं, जाळीतनंच द्याचं. इतक्या वर्सांत शेजाऱ्यानं एकदा 'चा घ्याला ये' म्हटलं न्हाई रं. आन् तुझ्या गल्लीनं मला पोटच्या पोरागत वागवलं. माणसं लय मोठ्या मनाची हायती. पुढच्या साली पंधरा दिवस येतो!"

त्याचे डोळे भरले होते. काय सांगणार त्याला? की बाबा, तुझी माया नव्हे, तुझ्या डोक्यातलं सोनं हवं होतं त्यांना? आणि ते सोनं पेरलं होतं मी! मी नुसतं 'नक्की ये' म्हणालो आणि त्याला स्टँडवर सोडून आलो.

परतताना एकच धास्ती. पुढच्या वर्षी तो येईल, आणि तोवर केरात केरच आहे हे गल्लीला कळलेलं असेल. एकही दार उघडणार नाही. माझ्या मित्राचं तोंड कसं होईल! मत्सर गेला चुलीत. मी तडक चंद्राबाई काकींच्या सोप्यात.

"काकी, आमच्या केरात सोनं निघालं बरं का! चांगलं गुंजभर! पुढच्या वर्षी त्याला नक्की बोलवा."

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कशाला थापा मारतोस रं? चादर, धोतर, केसं, समदं दोन दिसांतच बघून झालं. नुसता कोंडा!"

"म्हणजे? मग नंतर आठवडाभर त्याला कशाला बोलवत होता?"

"आता इच्यारलंस म्हणून सांगते. तुझी रेश्माच आलीती. म्हणली, 'आमचं मालक तोंड फुगवून बसल्यात. पावण्याच्या घशाखाली घास उतरंना. जरा तुमच्यात न्या त्याला.' मग आमी पाळ्याच लावल्या. आन् पोरगं निघालं लय गुणाचं, मग कुणाला सोडवंना."

"आणि मला? मला नाही बोलवावंसं वाटलं कुणाला?"

"तुलाच बोलवायचं, तर मग तुझ्या फुगल्या तोंडापासनं त्याला न्याचा कुठं?"

पुढच्या वर्षी इंद्रजित येईल तेव्हा मीही आकारामकडे जेवायला जाईन म्हणतो. बोलावलं तर.