बहुमताने मोजलेला पाळणा

हे तुम्हाला पटणार नाही. पटलेच, तर माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडले असे मी समजेन.

अचूकता ही समाजाची गरज आहे आणि ती स्वस्तात मिळाली पाहिजे, हे आमच्या हौशी हस्तकला मंडळाचे ध्येय. म्हणून प्रत्येक सभासदाकडे स्वतःची टेप आहे, फुटपाथवरून घेतलेली. (कशावर तरी फुकट मिळालेली असेल, तर सभासदाला मान जास्त.) माझी कापडी. माझ्या व्याह्यांची पत्र्याची. तिचे सुरुवातीचे आकडे पुसले गेल्यामुळे ते दहापासून मोजतात आणि शेवटी दहा वजा करतात. (आठवण राहिली तर.)

माझी लेक बाळंतपणाला दवाखान्यात गेली, तेव्हा व्याही पाळणा विकत आणायला निघाले होते. मी त्यांना दारातच अडवले.

"व्याहीबुवा, मी मंडळाचा अध्यक्ष, आणि माझं नातवंड विकतच्या पाळण्यात? तोंड कुठे दाखवू?"

"बरं. पण मूल घरी यायच्या आत झाला पाहिजे. आणि मूल त्यात मावलं पाहिजे."

(दुसरी अट मागाहून घातली गेली, असे माझे मत आहे.)

फळीला करवत लावण्यापूर्वी खरी टेप कोणती हे ठरवायला सभा भरली. सगळ्यांनी एकच टेबल मोजले. जितक्या टेपा, तितकी उत्तरे. आम्ही लोकशाही मानणारी माणसे, मतदान घेतले. व्याह्यांची टेप खरी ठरली. (चहा त्यांच्याकडून होता.) टेबलाच्या तळाशी कारखान्याने माप छापले होते, ते या टेपेपेक्षा बरोबर दहाने कमी भरले. टेबल अल्पमतात गेले. ठराव करून ते तेवढे कापण्यात आले. टेबलाने निकाल खिलाडूपणे स्वीकारला.

मग पाळणा. मोजायचे मी, कापायचे व्याह्यांनी. त्यांची टेप दहापासून सुरू होते हे मला ठाऊक, म्हणून मी दहा वजा करून माप सांगितले. त्यांनी सवयीने पुन्हा दहा वजा केले.

पाळणा उभा राहिल्यावर व्याही म्हणाले, "अहो, हा पाळणा आहे की चपलांचं खोकं?"

तेवढ्यात लेक बाळाला घेऊन दारात. तिने पाळण्याकडे पाहिले, बाळाकडे पाहिले. "बाबा, हिला घडी घालून ठेवू का?"

मी शांतपणे माझी कापडी टेप काढून बाळाला लावली. टेपेच्या मते बाळ पाळण्यापेक्षा लहान होते. विषय मिटला, बाळ मावले. पुढे बाळ वाढू लागले, आणि वापरून वापरून टेपही ताणत गेली. दोघी बरोबरीने वाढल्या, त्यामुळे आकडा कायम तोच. आज नात शाळेत जाते, तरी त्याच पाळण्यात पाय लांब करून झोपते.

हसताय? हसा. पण लग्नापासून तुमची कंबर तेवढीच आहे, हे तुम्ही ज्या टेपेने चारचौघांत सिद्ध करता, ती टेप किती जुनी, तेवढे सांगा.

इतका वेळ माझ्या मांडीला टेकून ऐकणारी नात आईकडे वळली.

"आई, आजोबा थापा मारतायत. मी तर तुझ्याजवळ झोपते. पाळण्यात कांदे ठेवतो आपण. तेसुद्धा मावत नाहीत."