गंगाधर आण्णा कोयत्याआधी हात बघतात

शहागडच्या फाट्यावर गंगाधर आण्णा कोयत्यांना धार लावून देतात, पण कोयता बघतच नाहीत. आधी हात बघतात. गिऱ्हाइकाने हात पुढे करायचा. आण्णा तो उलटासुलटा करणार, मनगट दाबणार आणि विचारणार, "पार वाकून तोडता का अर्धवट?" ज्योतिषी इतकं विचारत नाही, आणि तो निदान भविष्य तरी सांगतो.

मी ऊसतोडीचा मुकादम. स्वतः कोयता चालवून वर आलो, त्यामुळे मला फसवणं सोपं नाही. एका वर्षी टोळी निघायच्या आधी मी सगळ्यांचे कोयते पोत्यात भरून आण्णांकडे नेले. घाऊक माल, घाऊक भाव, साधा व्यवहार. आण्णांनी पोत्याचं तोंडसुद्धा सोडलं नाही.

"मुकादम, ह्या पोत्यात हात न्हाईत. हातवाले पाठवा."

चहा पिणारे ट्रकवाले हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

त्यांचं म्हणणं असं, की नाजूक मनगटाला पातळ धार लावावी. ती झटक्यात कापते, पण लवकर मरते. दणकट हाताला जाड धार. ती टिकते, पण जोर मागते. हात एक आणि धार दुसरी झाली, की ऊस राहतो आणि माणूस तुटतो. मी म्हणालो, आम्ही बांधावरच्या दगडावर घासायचो आणि फडात शिरायचो.

"म्हणून तर तुमचा खांदा वाकडा हाय," आण्णा म्हणाले.

माझा खांदा वाकडा आहे, पण ते भर फाट्यावर सांगायचं कारण नव्हतं.

नाइलाजाने माणसं पाठवली. तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरेत आली. गडी लगेच परत यायचे, बायांना मात्र आण्णा बसवून ठेवायचे. कोणत्या कारखान्याला जाता, शेजारी कुणाची टोळी असते, पाचटाच्या कोप्यांत थंडी वाजते का, असल्या चौकशा. धार लावणाऱ्याला थंडीशी काय करायचं? मुकादमाची सगळी इस्टेट म्हणजे त्याची माणसं. हंगामाच्या तोंडावर नवरा-बायकोच्या दोन जोड्या फुटल्या तरी ट्रक भरत नाही. मला सगळं लख्ख दिसायला लागलं. हा माणूस दुसऱ्या कुठल्यातरी मुकादमाचा दलाल आहे. बैलबाजारात दात बघतात, हा हात बघतो, आणि चांगले हात पलीकडे कळवतो.

एका दुपारी मी उभ्या ट्रकच्या आडोशाला चहा घेऊन बसलो. माझ्या टोळीतली कांताबाई आण्णांसमोर बसली होती. आण्णांनी तिचा हात बराच वेळ धरला आणि हळूच विचारलं, "एवढाच असंल ना तिचा?"

मी कप आदळून पुढे गेलो. "कुणासाठी माझी माणसं हेरून राह्यले, आण्णा?"

आण्णांच्या आधी कांताबाईच बोलली.

"काय बोलता मुकादम. यांची पोरगी शोभा शेजारच्या टोळीत असती. माझ्याच बांध्याची हाय, म्हणून माझा हात बघून राह्यले."

मग आण्णांनी सांगितलं. पोरगी ऊसतोडीच्या घरात द्यायची नाही, असं ते बोलून बसले होते. तिने तिथंच लग्न केलं. बोलणं तुटलं ते तुटलंच. त्यांनी गोणपाटात गुंडाळलेला नवा कोयता काढला.

"लई नाजूक मनगट हाय तिचं. पातळ धार लावली. तुमची गाडी तिकडंच जाती ना?"

मी सवयीने खोट शोधली. जावयाकडे का देत नाही? नाव का सांगत नाही?

"माझं नाव ऐकलं तर घ्यायची न्हाई. फाट्यावर मिळाला म्हणा."

इतक्या लोकांदेखत आवाज चढवल्यावर आता मला नाही म्हणता येईना. नेला.

शोभा फडाच्या कडेला मोळी बांधत होती. मी कोयता पुढे केला, फाट्यावर मिळाला म्हणालो. तिने एक ऊस तोडला. मग पात्यावरून अंगठा फिरवला आणि तो तिथंच थांबला.

"आण्णा अजून बिनचष्म्याचंच काम करून राह्यले का?"

मी नाव घेतलं नव्हतं. हो म्हणालो.

"लई पातळ लावली. लग्नाआधीचा हात धरून लावली त्यांनी." तिने तळवा माझ्यापुढे धरला. तो माझ्या तळव्यासारखाच घट्ट्यांनी राठ होता.

मी म्हणालो, दे इकडे, परत नेतो, जाड करून आणतो. तिने कोयता दिला नाही.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. कोपीत गेली, तो लुगड्यांच्या घडीखाली सारला, आणि आपला जुना कोयता घेऊन फडात शिरली.