निघोज्याहून कैरोला, ओढ्यामार्गे

विमानानं सातासमुद्रापार जाणारा निघोज्यातला पहिला पुरुष म्हणून सयाजीचं नाव गावाच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं. प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात तो घरापासून ओढ्यापर्यंत पोचला आणि तिथंच अडकला.

त्याचं असं झालं. पिंपरीच्या कारखान्यानं सयाजी मिस्त्रीला नवी यंत्रं शिकायला विलायतेला धाडायचं ठरवलं. विमान शुक्रवारचं, आणि शुक्रवारी नेमकी अमावस्या. तेव्हा आईनं, म्हणजे ठकुबाईनं, मंगळवारीच त्याचं प्रस्थान ठेवलं. सयाजीनं नवा लोकरी सूट चढवला, ट्रंक उचलली, मुहूर्तावर उंबरा ओलांडला आणि ओढ्यापलीकडे गेनबाकाकाच्या मळ्यात मुक्काम टाकला. प्रवास शुभघडीला सुरू झाला. आता विमानानं काय वाटेल ते करावं. मात्र बांधलेली ट्रंक वाटेत उघडायची नाही, आणि मागं फिरून उंबऱ्याला पाय लावायचा नाही. लावला तर गेलेला माणूस परत येत नाही.

गुरुवारी तो मुंबईला निघणार, तोच चाकणचा पोस्टमन मळ्याच्या वाटेनं तार घेऊन आला. विमान कराचीत नादुरुस्त होऊन अडकून पडलं होतं, सोमवारी निघेल. तार खिशात ठेवताना सयाजीच्या ध्यानात आलं, की त्या खिशात पासपोर्ट नाही. तो घरी देवापुढं राहिला होता.

"काका, घरी जाऊन तेवढा पासपोर्ट आणता का?"

गेनबाकाका संधिवातानं खाटेला खिळलेले. "मला उठता आलं आसतं, तर तुला नाचणीची पेज कशाला पाजली आसती? आन् तू बी जाऊ नगंस. तू गेलायस."

"काका, मी हितं बसलोय."

"ते तुला वाटतंय."

सयाजीचा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. तरी सगळा शुक्रवार त्यानं ओढ्याकाठी कुणीतरी येण्याची वाट पाहिली. कुणी आलं नाही. शेवटी तिन्हीसांजेला तो स्वतःच निघाला. ओढ्यावर धुकं साचलं होतं. चार दिवसांचा चुरगळलेला काळा सूट, पेजेनं उतरलेला चेहरा, आणि भोवती डांबराच्या गोळ्यांचा वास. घरच्या कुत्र्यानं तो वास घेतला आणि शेपूट पायांत घालून गाडीखाली गेलं.

ओसरीवर शेजारची सोजराबाई बसली होती.

"सयाजी आता कुठवर गेला आसंल गं, ठकुआक्का?"

"इजिपतावरनं उडत आसंल."

"आये, मी हितंच हाय!" सयाजी कुंपणाबाहेरून म्हणाला.

सोजराबाईनं वर पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप गळून पडलं. "आगं बया! थेट त्याच्यासारखंच दिसतंय की!"

ठकुबाई जागची हलली नाही. "बघू नगंस तिकडं. लेक माजा कालच मुंबईला गेला. आज आवस हाय. रतन, दार लोटून घे. वारं सुटलंय."

"आये, पासपोट! देवापुढचं निळं पुस्तक!" सयाजीनं हात पुढं केला.

दाराच्या फटीतून बायकोचा, रतनचा, डोळा दिसला. "आत्याबाई, आवाज तर त्यांचाच..."

"आवाज बी घेत्यात ती." ठकुबाई सोजराबाईला ओढत आत गेली आणि दार लागलं.

वारा तर केव्हाच पडला होता. सयाजीला आपलाच श्वास ऐकू येईना. त्यानं सावली शोधली. उजेड नव्हता, म्हणून सावलीही नव्हती. मग त्यानं खाली वाकून पावलं उलटी आहेत का ते पाहिलं. बूट नवे असल्यानं नीट खात्री पटेना. चार ढांगांत आत शिरून पासपोर्ट उचलता आला असता. पण पाय उंबऱ्याच्या दिशेनं उचलेना.

दार किलकिलं झालं. ठकुबाई मान खाली घालून आली आणि कुंपणापाशी पत्रावळ ठेवली. भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाचा ठेचा. आणि ठेच्याला टेकून पासपोर्ट.

"बाबा, तू कुनी बी आस. पर माज्या लेकाचं रूप घिऊन दारात उभा ऱ्हाऊ नगंस. खा. ह्ये मागत व्हतास, ह्ये बी घे. आन् मागं वळून न बघता जा."

तिचा आवाज कापत होता. ती सोंग करत नव्हती. सयाजीनं खाल्लं, पासपोर्ट घेतला आणि निघाला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं आईचं तंतोतंत ऐकलं. पाठीमागं दाराआडून तिचे शब्द आले, "लई भुकेलं व्हतं गं. खातं बी माज्या सयाजीसारखंच."

सोमवारी विमान उडालं आणि कैरोत उतरून अर्धा दिवस थांबलं. बाकावर बसलेल्या सयाजीकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यानं पुन्हा एकदा बुटांकडं पाहून घेतलं. एवढ्यात गणवेशातला अधिकारी आला, त्यानं पासपोर्ट उघडला, पान नाकाशी नेलं, मग सयाजीच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि नाव विचारलं.

सयाजी ताडकन उठून उभा राहिला. "सयाजी," तो म्हणाला. "हितंच हाय."

अधिकाऱ्यानं शिक्का मारला. पानावरचा डाग ठेच्याचा होता. तो डाग पुढं लंडनलाही पुसला गेला नाही.